इम्प्लांटची साफसफाई : कीड न लागणाऱ्या दाताला हायजिनिस्ट कशाला हवा?



धातूंचा धडा शिकवताना टायटॅनियमचे नाव आले, की 'हलका, मजबूत, विमानात वापरतात' एवढे सांगून आपण पुढे जातो. पुढच्या वेळी वर्गात एक प्रश्न विचारून बघा. "तुमच्या घरात कोणाच्या तोंडात टायटॅनियम आहे?" आधी हशा होईल, मग एखादा हात हळूच वर येईल. कोणाच्या आजीच्या, कोणाच्या आजोबांच्या जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवून त्यावर दात लावलेला असतो. यालाच आपण डेंटल इम्प्लांट म्हणतो.

आजचा पाठ त्या स्क्रूच्या पुढच्या आयुष्याबद्दल आहे. इम्प्लांट बसवण्याबद्दल माहिती भरपूर मिळते, जाहिराती तर विचारूच नका. पण बसवल्यानंतर तो साफ कोण करतं, कशाने करतं, किती वेळा करतं, हे घरात फारसं कोणाला ठाऊक नसतं. अनेक घरांत हा खर्च मुलांनी वाटून घेतलेला असतो आणि 'आता एकदाचं काम झालं' म्हणून फाइल कपाटात जाते. खरी मेख इथेच आहे. चांगला बसलेला इम्प्लांट काही वर्षांनी गमवावा लागतो, तेव्हा त्यामागे अनेकदा भोवतीच्या हिरडीचा आणि हाडाचा दाह असतो. आणि तो दाह दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

आधी रचना समजून घेऊ

इम्प्लांटचे तीन भाग असतात. हाडात जातो तो स्क्रू, साधारण चार मिलिमीटर जाड आणि दहा मिलिमीटर लांब (मापे माणसागणिक बदलतात). त्यावर हिरडीतून वर येणारा जोडभाग, ज्याला अबटमेंट म्हणतात. आणि सगळ्यात वर दिसणारी कॅप. आपल्याला आरशात फक्त कॅप दिसते, म्हणून आपण तिलाच दात समजतो.

हाड आणि टायटॅनियम एकमेकांना घट्ट धरतात, हे कळले ते स्वीडनमध्ये, आणि तेही दातांवर काम करताना नव्हे. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ते निघेना. हाड त्याच्याशी एकजीव झाले होते. १९६५ साली त्यांनी गोथेनबर्गमध्ये योस्ता लार्सन या रुग्णाला पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, ते इम्प्लांट काम करत होते. इम्प्लांट टिकतो तर किती टिकतो, याचे हे उदाहरण. अट एकच, भोवतीचे हाड शाबूत राहायला हवे.

आता खरा दात आणि इम्प्लांट यांच्यातला फरक. हा फरक मुलांना समजला की पुढचे सगळे आपोआप समजते, म्हणून इथे जरा थांबू या.

खरा दात हाडात रुतलेला नसतो, टांगलेला असतो. बाजेची वीण जशी माणसाला तोलून धरते, तसे दाताच्या मुळाभोवती बारीक तंतूंचे जाळे असते. त्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. या जाळ्यात रक्तवाहिन्या असतात आणि नसाही असतात. भातात खडा आला की दातांना क्षणात कळते, ते या नसांमुळे. इम्प्लांटला हे जाळेच नाही. तो भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा थेट हाडात उभा असतो.

दुसरा फरक हिरडीचा. खऱ्या दाताच्या मानेशी हिरडीचे तंतू काटकोनात आत घुसलेले असतात, ब्रशचे केस पाठीत रोवलेले असावेत तसे. त्यामुळे जंतूंना खाली उतरायला एक अडसर मिळतो. इम्प्लांटभोवती तंतू आत घुसू शकत नाहीत. ते बाजूने समांतर जातात किंवा मनगटावरच्या कड्यासारखे भोवती फिरतात. कडं कितीही घट्ट असलं तरी मनगटात रुतलेलं नसतं. शिवाय तिथला रक्तपुरवठाही कमी. म्हणजे शत्रू आला तर वेस कच्ची आणि गस्तही थोडी.

म्हणून 'इम्प्लांटला कीड लागत नाही' हे वाक्य खरे असूनही घातक ठरते. धातूला कीड लागणार नाहीच. पण जे बिघडते ते भोवतालचे हाड, आणि हाड जिवंत आहे.

जंतूंचा थर आणि त्याचे दोन टप्पे

दातांवर जमणारा पांढुरका चिकट थर म्हणजे अन्नाचे कण नव्हेत, ती जंतूंची वसाहत असते. नुसती चूळ भरून ती निघत नाही, घासावी लागते. तशीच राहिली की लाळेतल्या क्षारांनी कडक होते आणि तिचे किटण बनते.

या थराचा आणि हिरडीच्या सुजेचा संबंध १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी फार सोप्या प्रयोगाने दाखवला. बारा निरोगी माणसांना त्यांनी दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. (विज्ञानाच्या तासाला प्रयोगाची रचना शिकवायला याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही. महागडे यंत्र नाही, फक्त एक गोष्ट थांबवली आणि पुन्हा सुरू केली.) पुढे इम्प्लांटभोवतीही असे प्रयोग झाले. घासणे थांबले की तिथेही सूज येते, आणि ती उतरायला खऱ्या दातापेक्षा जास्त वेळ लागतो.

पहिल्या टप्प्यात सूज फक्त हिरडीपुरती असते. हिरडी लालसर होते, हात लागला की रक्त येते. हा टप्पा परतवता येतो. दुसऱ्या टप्प्यात सूज खाली उतरते आणि स्क्रूभोवतीचे हाड झिजू लागते. याला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात. गेलेले हाड सहज परत येत नाही, उपचार लांबतात, शस्त्रक्रियाही लागू शकते, आणि तरीही खात्री नसते. हायजिनिस्टची सगळी धडपड पहिल्या टप्प्यावरच गाठण्यासाठी असते.

हायजिनिस्ट म्हणजे कोण?

हे काम आपल्याकडे फारसे दिसत नाही, म्हणून थोडी ओळख. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचे शहर आहे. तिथले दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपली मदतनीस आयरीन न्यूमन हिला दात साफ करण्याचे शिक्षण दिले. १९१३ मध्ये त्यांनी याच कामाची शाळा काढली. आपल्या दृष्टीने गमतीची गोष्ट पुढेच आहे. तिथून शिकून बाहेर पडलेल्या मुली कामाला लागल्या त्या ब्रिजपोर्टच्या प्राथमिक शाळांमध्ये, मुलांचे दात साफ करायला आणि घासायला शिकवायला. म्हणजे या व्यवसायात शिकवणे पहिल्यापासून आहे. १९१७ मध्ये आयरीन न्यूमनला पहिला परवाना मिळाला.

आज अमेरिकेत किंवा कॅनडात तुमची मुलगी-जावई राहत असतील तर त्यांना विचारा. दर सहा महिन्यांनी 'क्लिनिंग'ला गेल्यावर त्यांचा बहुतेक वेळ हायजिनिस्टच्या खुर्चीत जातो, दंतवैद्य शेवटी येऊन तपासतात. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्य कायद्यातच हायजिनिस्टची व्याख्या आणि नोंदणी आली होती, बारावी विज्ञाननंतर दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रमही आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक दवाखान्यांत हे काम दंतवैद्य स्वतः करतात. काम कोणीही करो, पद्धत तीच. आणि बारावीनंतर 'वैद्यकीय क्षेत्रात काय?' असे विचारणाऱ्या मुलांना आपण हे नाव कधी सांगत नाही, एवढे मात्र नोंदवून ठेवते.

भेटीत काय काय होते

हायजिनिस्ट लगेच हत्यार हातात घेत नाही. आधी प्रश्न. मधुमेह आहे का, साखर ताब्यात आहे का? नवीन औषध सुरू झाले का? तंबाखू, सिगारेट, मिश्री? हे प्रश्न चौकशीसाठी म्हणून नसतात. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा बिघडतो, मधुमेह ताब्यात नसेल तर जखम भरायला उशीर होतो, आणि आधीचे दात हिरडीच्या रोगाने गेले असतील तर तोच रोग इम्प्लांटकडेही वळू शकतो. आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसे मिश्रीबद्दल सांगायला लाजतात. सोबत गेलेल्या मुलाने-सुनेने डॉक्टरांना बाजूला गाठून सांगण्यापेक्षा, "आई, तुम्हीच सांगा ना" असे म्हटलेले बरे.

मग नजर. हिरडीचा रंग, फुगवटा. बोटाने हिरडी हलकेच दाबून बघतात, पू येतो का ते. कॅप हलते का तेही पाहतात. इथे एक लक्षात ठेवा. खरा दात किंचित हलतोच, कारण तो टांगलेला आहे. इम्प्लांट अजिबात हलता कामा नये. हलत असेल तर दोन शक्यता. वरची कॅप किंवा तिचा स्क्रू सैल झाला असेल, तर दुरुस्ती सोपी. हाडातला स्क्रूच हलत असेल, तर त्याने हाडाची साथ सोडली आहे.

त्यानंतर मोजमाप. हिरडी आणि इम्प्लांट यांच्या मधल्या फटीत एक बारीक, खुणा केलेली सळई अलगद उतरवतात. तिला प्रोब म्हणतात. इम्प्लांटसाठी बऱ्याचदा ती प्लॅस्टिकची वापरतात. दाब किती? सुमारे ०.२५ न्यूटन, म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम वजनाएवढा. हा आकडा वर्गात जिवंत करता येतो. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा आणा आणि मुलांना पेन्सिलीच्या बोथट टोकाने तो दाबून नेमके पंचवीस ग्रॅम आणायला सांगा. बहुतेकांची पहिली उडी शंभरावर जाते. न्यूटन हे एकक एरवी पुस्तकात पडून असते, ते इथे बोटाला कळते.

फट किती खोल असली म्हणजे वाईट, याचे एका शब्दात उत्तर नाही. काही ठिकाणी हिरडीच जाड असते, म्हणून निरोगी इम्प्लांटलाही चार-पाच मिलिमीटर येतात. म्हणून कॅप बसवल्यावरची पहिली नोंद फार मोलाची. त्या वेळी तीन होते, आज सहा आहेत आणि रक्तही येते, तर काहीतरी बिघडले आहे. आकडा एकटा बोलत नाही, आधीच्या आकड्याशेजारी ठेवला की बोलतो. प्रगतिपुस्तक वाचताना आपण हेच करतो.

हाडाचे खरे चित्र एक्स-रेत दिसते. इथे स्क्रूचे आटे उपयोगी पडतात. दोन आट्यांमधले अंतर ठरलेले असते, त्यामुळे हाड कितव्या आट्यापर्यंत आहे हे मोजले की पट्टीशिवाय माप मिळते. आटे धूसर दिसले तर एक्स-रे तिरका निघाला आहे असे समजून पुन्हा काढतात. पहिल्या वर्षी हाड थोडे बसतेच, ते नैसर्गिक मानतात. १९८६ मध्ये आल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी यशाचे जे निकष मांडले, त्यात पहिल्या वर्षानंतरची झीज वर्षाला ०.२ मिलिमीटरहून कमी असावी, असे म्हटले होते. म्हणजे पाच वर्षांत एक मिलिमीटर. डोळ्याला दिसणारच नाही असे हे माप, म्हणून नोंदी हव्यात.

स्टीलची हत्यारे का नकोत?

नॉनस्टिक तव्यावर स्टीलचा उलथणा चालवला तर घरात काय होते, ते सांगायला नको. इम्प्लांटच्या बाबतीत गोष्ट तशीच आहे. खऱ्या दातावरचे किटण काढायला स्टीलची टोकदार हत्यारे आणि धातूच्या टोकाचे अल्ट्रासॉनिक यंत्र वापरतात. स्टील टायटॅनियमपेक्षा कठीण. ते फिरवले की टायटॅनियमवर ओरखडे पडतात, आणि ओरखडा म्हणजे जंतूंना लपायला घळ. शिवाय टायटॅनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. हवेशी संपर्क आला की तो आपोआप तयार होतो आणि धातूला गंजण्यापासून वाचवतो. त्याला शक्य तितका धक्का न लावता साफ करायचे, हे या कामातले कसब.

म्हणून हत्यारे वेगळी. प्लॅस्टिकची, कार्बन फायबरची, किंवा टायटॅनियमचीच. प्रत्येकाची खोड वेगळी आहे. प्लॅस्टिक ओरखडत नाही, पण जाड असते, फटीत नीट शिरत नाही आणि खरखरीत भागावर घासले तर त्याचेच कण मागे राहतात. टायटॅनियमची हत्यारे बारीक आणि मजबूत, आणि धातू तोच असल्यामुळे स्टीलइतकी इजा करत नाहीत. अल्ट्रासॉनिक यंत्र वापरायचे तर त्याच्या टोकावर खास प्लॅस्टिकचे आवरण चढवतात. हात हलका, फटकारे आखूड. इम्प्लांटच्या गुळगुळीत भागावरचे किटण तसे घट्ट चिकटलेले नसते, त्यामुळे जोर लावायची गरजही नसते.

मऊ थरासाठी अलीकडे हवेच्या झोताने साफ करण्याची पद्धत बरीच वापरली जाते. हवा, पाणी आणि अतिशय बारीक पावडर यांचा फवारा. पावडर कसली? पूर्वी खाण्याच्या सोड्याची असे, ती इम्प्लांटसाठी खरखरीत पडते. आता ग्लायसीन किंवा एरिथ्रिटॉल वापरतात. ग्लायसीन हे अमिनो आम्ल, प्रथिनांच्या धड्यात भेटणारे. एरिथ्रिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ. दोन्ही पाण्यात विरघळतात, कण काही मायक्रॉनचे, त्यामुळे थर निघतो पण पृष्ठभाग खरवडला जात नाही. झोत एका जागी रोखून धरायचा नाही आणि हिरडीत थेट खुपसायचा नाही, नाहीतर हवा कातडीखाली शिरून चेहरा सुजू शकतो. असे क्वचित होते, पण शिकवताना हे आवर्जून शिकवतात.

दोन गोष्टी हायजिनिस्टच्या नजरेत विशेष असतात. एक, सिमेंट. कॅप चिकटवताना वापरलेले सिमेंट कधी हिरडीखाली सांडून राहते. ते खरखरीत असते आणि जंतूंना आयती जागा मिळते. सहा महिन्यांपूर्वीच बसवलेल्या इम्प्लांटची हिरडी सारखी सुजत असेल तर 'नीट घासत नाही' म्हणून आजोबांना बोल लावण्याआधी ही शक्यता तपासायला हवी. दुसरी, फ्लोराइड. आम्लयुक्त फ्लोराइड जेल टायटॅनियमवर परिणाम करू शकते, म्हणून लावायचेच तर आम्ल नसलेले लावतात.

चेंबूर असो की शिकागो, क्रम साधारण हाच राहतो. भेट किती दिवसांनी, हे माणसावर ठरते. सुरुवातीच्या वर्षात आणि धोका जास्त असणाऱ्यांना दर तीन महिन्यांनी बोलावतात. सगळे ठीक असेल तर सहा महिन्यांनी.

घरी करायचे काम

दवाखान्यात वर्षाला दोन-चार तास जातात, उरलेले सगळे दिवस घरचे. म्हणून भेटीचा निम्मा वेळ हायजिनिस्ट शिकवण्यात घालवते. दातांवर रंग लावून आरसा हातात देते. जिथे थर राहिला तिथे रंग चढतो, आणि पेशंटला स्वतःच दिसते की उजव्या हाताने घासणाऱ्याचे उजव्या बाजूचे आतले दात सुटतात. बोलून जे दहा वेळा पटत नाही ते आरशात एकदा पटते. आपल्यालाही हा अनुभव फळ्यासमोर रोजचाच.

साधने साधीच. मऊ ब्रश. दोन दातांमध्ये जाणारा बाटली घासायच्या ब्रशसारखा इवलासा ब्रश, मात्र त्याच्या मधल्या तारेवर प्लॅस्टिकचे आवरण हवे, उघडी तार नको. दोरा वापरायचा तर जाडसर, स्पंजासारखा, इम्प्लांटसाठीचा. साधा दोरा खरखरीत भागात अडकून तुटतो आणि त्याचा तुकडा आतच राहू शकतो. पाण्याचा झोत सोडणारे यंत्र ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांना सोयीचे पडते. जाडीभरडी दंतमंजने, राखुंडी, मिश्री बंद. काडी आणि सेफ्टी पिन तर अजिबातच नाही (हसू नका, साडीच्या पदराची पिन हे आपल्याकडचे जुने उपकरण आहे). औषधी माउथवॉश डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस, कारण काहींनी दातांवर डाग पडतात.

चार-सहा इम्प्लांटवर अख्खी पंगत बसवलेली असेल, तर तिच्या आणि हिरडीच्या मधल्या बोळकांडीत अन्न अडकते. तिथे दोरा आडवा ओवून काढावा लागतो. ती पंगत गरजेप्रमाणे दंतवैद्य उघडून, खालून साफ करून पुन्हा बसवतात. इम्प्लांटवर अडकणारी काढता येणारी कवळी असेल, तर ती रोज काढून धुवायची आणि हिरडीतून वर आलेली बोंडेही घासायची. कवळी धुऊन बोंडे विसरणारे पुष्कळ.

ज्यांना स्वतःला घासता येत नाही

या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आता. इम्प्लांट बसवतात तेव्हा माणूस साठीचा असतो, हात चालतात, डोळे दिसतात. पंधरा वर्षांनी तोच माणूस पंचाहत्तरीचा होतो. अर्धांगवायू, कंपवात, विसराळूपणा, यांपैकी काहीही आलेले असू शकते. खरे दात असे दुर्लक्षित राहिले तर एक वेळ ठणकून सांगतात. इम्प्लांट ठणकत नाही. विस्मरण झालेली आजी सांगणारही नाही. घरातल्यांना वाटते की तिचे दात तर 'कायमचे' केलेले आहेत, मग बघायचे काय?

अशा घरात रोज एकदा, सकाळपेक्षा रात्री, दुसऱ्या कोणीतरी घासून द्यावे लागते. समोर उभे राहण्यापेक्षा मागे किंवा बाजूला उभे राहून, डोके आपल्या अंगाशी टेकवून घासले तर आपला हात नीट पोहोचतो आणि त्यांना मानेला आधार मिळतो. ब्रशची मूठ बारीक वाटत असेल आणि त्या स्वतः घासू शकत असतील, तर मुठीला कापड किंवा सायकलच्या हँडलचे रबर गुंडाळा. नोकरीवर ठेवलेल्या बाईंना किंवा मावशींना हे काम सांगितलेले नसते, कारण आपल्यालाच सुचलेले नसते. पुढच्या भेटीला त्यांनाही दवाखान्यात न्या. हायजिनिस्ट त्यांच्या हाताला हात धरून दाखवेल. घासताना रक्त आले की घाबरून थांबू नका. रक्त येते म्हणून न घासणे हीच नेमकी उलटी रीत. हळू घासा, आणि दोन-तीन आठवड्यांत थांबले नाही तर दवाखान्यात दाखवा. पू दिसला, सूज आली किंवा दात हलू लागला, तर तेवढीही वाट पाहू नका.

पालकांसाठी एक वेगळा मुद्दा

खेळताना मुलाचा पुढचा दात पडला, की 'इम्प्लांट करून टाकू' असे लगेच सुचवले जाते. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत साधारणतः इम्प्लांट बसवत नाहीत. कारण वरच्याच रचनेत आहे. शेजारचे खरे दात जबड्याबरोबर पुढे सरकतात, इम्प्लांट हाडाशी जखडलेला असल्याने जागच्या जागी राहतो आणि हळूहळू आत बुडाल्यासारखा दिसतो. तोवर काढता येणारा किंवा चिकटवलेला तात्पुरता दात देतात. आणि हो, पडलेला दात कायमचा असेल तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता, वरच्या बाजूने धरून, दुधात बुडवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. तोच दात परत बसण्याची संधी असते. शाळेच्या प्रथमोपचार पेटीवर हे दोन ओळींत लिहून चिकटवता येईल.

जाता जाता एक कामाची गोष्ट. इम्प्लांटच्या अनेक कंपन्या आहेत आणि प्रत्येकीचे स्क्रू, पाने, जोडभाग वेगळे. दहा वर्षांनी कॅपचा स्क्रू सैल झाला आणि मूळ दंतवैद्य गाव सोडून गेले असतील, तर नव्या डॉक्टरांना पहिला प्रश्न पडतो तो 'हा इम्प्लांट कोणता?' कंपनीचे नाव, माप आणि तारीख असलेले स्टिकर किंवा कार्ड दवाखान्यातून मागून घ्या, सोबत पहिला एक्स-रे आणि हिरडीच्या मोजमापाची पहिली नोंद. त्याचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा, आणि मूळ कार्ड आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात.